जिन भंगारात जाण्याआधी

आमच्या गावची सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्था अवसायनात निघाली, म्हणजे कायमची गुंडाळायला काढली, आणि आवारातल्या लोखंडाचा हिशेब सुरू झाला. बॉयलर इतके टन, शाफ्ट इतके, पुल्या इतक्या, प्रेस इतकी. जिनखोलीत ओळीनं उभ्या असलेल्या, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या रोलर जिनांची त्या यादीत वेगळी नोंदही नव्हती. ‘बीड (म्हणजे ओतीव लोखंड), अंदाजे’ एवढ्यातच सगळ्या बसवल्या होत्या. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. साधी यंत्रं शिकवताना तरफ, चाक, पट्टा, चकती हे सगळं मुलांना फळ्यावर काढून दाखवायचं आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर ते सगळं एकाच यंत्रात असलेलं भंगारात जाताना पाहायचं, हे मला सहन होईना. माझी आई याच जिनात कापूस लावायला जायची. त्यामुळे माझा जीव त्यात अडकलेला होता हेही खरं.

शहरातल्या एका विज्ञान आणि उद्योग वारशाच्या संग्रहालयाला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, आणि आलं ते प्रश्नांसकट. यंत्र कुणाचं? मालकीचा कागद काय? बनवणारा कोण? कुठल्या वर्षापर्यंत चालू होतं? किती भाग मूळचे, किती बदललेले? चालवणारी माणसं हयात आहेत का? शेवटचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. ज्यांना हा प्रश्न सुचतो त्यांच्याकडे यंत्र द्यायला हरकत नाही असं वाटलं.

पण देणार कोण? इथे पहिली अडचण. संस्था अवसायनात असली की तिचं काहीही कुणाला फुकट देता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे नेमलेल्या अवसायकाचं कामच हे, की मालमत्ता विकून घेणेकऱ्यांची देणी भागवायची. त्यात कामगारांची थकबाकीही असते. तेव्हा ‘वारसा आहे, देऊन टाका’ असं म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं. अवसायक साहेबांनी रस्ता दाखवला. एक जिन, तिच्यापुढचा लाकडी ओटा, सगळ्या जिना फिरवणाऱ्या लांब दांड्याचा, म्हणजे लाइन शाफ्टचा, एक तुकडा पुल्यांसह आणि गाठींवर छाप मारायचे पत्रे, एवढ्याचा वेगळा लॉट करायचा. त्याचं मूल्यांकन भंगाराच्या भावानं होईल आणि तो लिलावात निघेल. तुम्ही बोली लावा.

बोली लावायला नोंदणीकृत संस्था हवी म्हणून गावच्या सार्वजनिक वाचनालयानं ठराव घेतला. अनामत भरली. वर्गणी गोळा केली. पोळ्याला घरोघरी जावं तसे आम्ही फिरलो आणि कुणी रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी जिनात कामाला होतं त्यांनी तर न सांगता दिले. लिलावाच्या दिवशी भंगारवाल्यांना त्या लॉटमध्ये रस नव्हता, त्यांचं लक्ष बॉयलरवर होतं. ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर जिन आमच्या वाचनालयाची झाली. पावती, जीएसटी, उचल करण्याचा आदेश, गेटपास हे सगळं मी एका फाइलीत लावून ठेवलं. संग्रहालयासाठी यंत्राइतकीच ती फाइल मोलाची असते. ती नसेल तर उद्या कुणीही म्हणेल, हे आमचं आहे.

बॉयलरच्या जवळ जाऊ नका, असं संग्रहालयाच्या मॅडमनी फोनवरच बजावलं होतं. जुन्या बॉयलरवरच्या आणि वाफेच्या नळांवरच्या पांढऱ्या लेपात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ते कोरडं होऊन उडालं आणि छातीत गेलं तर त्याचा त्रास कित्येक वर्षांनी उमटतो. भंगारवाल्यांची पोरं तोंडाला साधा रुमाल बांधून तो लेप हातोड्यानं पाडणार होती. मी अवसायक कार्यालयाला हे लेखी कळवलं आणि ठेकेदारालाही भेटून सांगितलं. लेप आधी ओला करून, नीट मास्क लावून काढला गेला. हे यंत्राच्या गोष्टीत बसत नाही, पण कुठे जुना कारखाना पाडत असतील तर ही एक गोष्ट आधी विचारा.

आता जिन. मिस्त्रीकाका या जिनात फिटर होते, ऐंशीच्या पुढचे. ते आल्याबरोबर कशालाही हात न लावता यंत्राभोवती फिरले, मग खाली वाकून रोलरखालच्या जाळीत बोट घातलं. जाळीत अजून सरकी अडकलेली होती. “हे शेवटच्या सीझनची आहे,” म्हणाले. ती सरकी आम्ही कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख आणि जागा लिहिली.

ज्यांनी जिन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही मॅकार्थी पद्धतीची, दुहेरी रोलरची जिन. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसानं 1840 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. चामड्याच्या चकत्या शाफ्टवर दाबून बसवून रोलर करतात आणि त्यावर तिरप्या खाचा पाडतात. त्या खडबडीत चामड्याला कापसाचे तंतू चिकटतात आणि रोलरबरोबर पुढे ओढले जातात. रोलरला टेकून एक स्थिर पातं असतं. तंतू त्याच्या खालून निघून जातात, सरकी जाड म्हणून पात्यापाशी अडते. तेवढ्यात मधला बीटर वरखाली होत तिला ठोसा देतो, सरकी तंतूपासून सुटते आणि खालच्या जाळीतून पडते. एका बाजूला रुई, खाली सरकी. साधारण शंभर किलो कापसातून तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. अमेरिकेत एली व्हिटनीच्या पद्धतीनं करवतीच्या दात्यांनी कापूस ओढणारी सॉ जिन चालली. आपल्याकडे मात्र आजही बहुतेक ठिकाणी रोलर जिनच चालते, कारण ती तंतू कमी तोडते. तत्त्व तेच आहे. आजच्या कारखान्यात कापूस हवेच्या नळ्यांमधून येतो आणि जिनीत आपोआप पडतो, एवढाच मोठा फरक.

जुन्या जिनीत कापूस आपोआप पडत नव्हता. तो बाया टाकत.

खोलण्याआधी फोटो काढायचे होते. चारही बाजूंनी, वरून, खालून, मोजपट्टी बाजूला ठेवून. प्रत्येक नट-बोल्टला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवरचा आकडा चित्रावर घालायचा. तारेचा ब्रश चालवायचा नाही. रंग द्यायचा नाही. हे दुसरं गावात कुणाला पटेना. यंत्र म्युझियममध्ये जायचं तर ते चकाचक हिरवं-लाल नको का? मॅडमनी समजावलं की जुन्या रंगाचे थर, वंगणाचा काळा लेप, हाताच्या घासण्यानं झिजून चकाकणारा भाग, हे सगळं त्या यंत्राचं आयुष्य आहे. वर रंग फासला की ते कायमचं झाकलं जातं. मऊ ब्रश, सुती फडकी आणि डिझेल, एवढ्यावरच काम भागवलं. जाम झालेल्या बोल्टवर डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडून मिस्त्रीकाका दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडे बघतही नसत. बीडावर घण घालायचा नाही, ते वाकत नाही, फुटतं.

अशाच फडक्यानं बाजूच्या चौकटीवरचा लेप पुसताना खालून उठावाची अक्षरं वर आली. आधी एक गोल वळण, मग एक उभी रेघ. पूर्ण पुसलं तेव्हा वाचता आलं: प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. साल नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओल्डहॅमची ही कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या कापडयंत्र कारखान्यांपैकी एक होती. लँकेशायरच्या ओतशाळेत ओतलेलं बीड वऱ्हाडातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आलं आणि इथल्याच वंगणात बुडून गेलं. मिस्त्रीकाकांनी आयुष्यभर ही जिन दुरुस्त केली, पण ही अक्षरं त्यांनीही आजच पाहिली. ते बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

संग्रहालयाच्या अर्जात एक रकाना होता: वस्तूचं महत्त्व दोन पानांत लिहा. मी त्या दोन पानांवर जेवढी बसले तेवढी आयुष्यात कुठल्या पेपरावर बसले नसेन. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं ते काही उगाच नाही, काळ्या जमिनीतला कापूस त्यांना हवा होता. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष इकडे वळलं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला, तो कापसासाठीच. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. 1886 मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. मग गावोगावी जिनिंग-प्रेसिंग आल्या, कारण सरकीसकट कापूस रेल्वेनं न्यायचा म्हणजे दोन भाग ओझं फुकट वाहायचं. रुई काढून, दाबून, गाठ बांधूनच पाठवणं परवडतं. आज ठरलेली गाठ 170 किलोची. पुढे 1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी (कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा) आली, आणि आमच्या जिनाच्या फाटकाबाहेर बैलबंड्यांच्या रांगा रात्र रात्र उभ्या राहू लागल्या. मी लहानपणी पाहिलेली जिन ती.

छापांचे पत्रेही याच दोन पानांत गेले. 1925 च्या कायद्यानं प्रत्येक प्रेसला गाठीवर आपली ठरलेली खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक केलं, म्हणजे मुंबईच्या किंवा कुठल्याही गिरणीत गाठ फोडल्यावर आत दगड निघाला तर तो कुठल्या प्रेसचा हे कळावं. आमच्या पत्र्यांच्या कडांना शाईचे इतके थर बसलेत की आकड्यांची भोकं अर्धी बुजली आहेत.

एवढं लिहून झाल्यावर मी पाहिलं, की दोन पानांत इंग्रज आहेत, निजाम आहे, रेल्वे आहे, टाटा आहेत आणि जिनीपुढे उभी राहणारी एकही बाई नाही.

संस्थेच्या दप्तरात पगारपत्रकं होती. अवसायक कार्यालयानं ती बघू दिली आणि फोटो काढू दिले. फिटर, ऑइलमन, प्रेसवाले, हमाल यांची नावं वडिलांच्या नावासकट. बायांच्या ठिकाणी बहुतेक पानांवर फक्त ‘स्त्री मजूर’ आणि पुढे संख्या. त्यामुळे माझ्या आईचं नाव मला कुठेच सापडलं नाही. ती आता नाही. पण तिच्याबरोबरच्या काही जणी आहेत. मी त्यांच्याकडे गेले, फोनवर आवाज टिपून घेतला, आणि मग त्यांनाच जिनखोलीत घेऊन आले.

एक आजी ओट्यावर चढल्या आणि थेट डावीकडच्या तिसऱ्या फळीवर जाऊन उभ्या राहिल्या. “इथं उभी राहो मी,” म्हणाल्या. फळी तिथेच खोलगट झिजली होती. मग हात कसा चाले ते त्यांनी दाखवलं. डाव्या हातानं ढिगातून कापूस ओढायचा, उजव्यानं मोकळा करत पसरायचा, तेवढ्यात कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस), पत्ती, खडा निवडून बाजूला टाकायचा. “मूठ आत नाही न्यायची बाई. बोटं वरच. आवाज जड झाला का समजायचं, कापूस जास्त झाला.” मिस्त्रीकाका खालून म्हणाले, “या बायांनी आवाज दिल्याशिवाय मले कळे नाही का नाइफ सैल झालं म्हून.” फिटरचं अर्धं काम या बायांच्या कानावर चालत होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आईनं कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

त्यांनी धुळीचंही सांगितलं. आठवडी सुट्टी संपवून कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती दाटायची, पुढे पुढे सवयीनं कमी व्हायचं, असं प्रत्येकीनं वेगवेगळं सांगितलं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराचं पुस्तकातलं वर्णन नेमकं हेच आहे. त्यांना त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. कुणी तपासलंही नव्हतं. पोरं ओट्याखाली, रुईच्या ढिगाशेजारी झोपवलेली असत. मीही तिथेच झोपलेली आहे.

मी महत्त्व सांगणारी ती दोन पानं नव्यानं लिहिली. आता ओटा आधी आला आणि ओल्डहॅम नंतर.

ओट्यावरूनच पुढे थोडी ताणाताण झाली. संग्रहालयाच्या समितीला जिन हवी होती, ओटा नको होता. कारणही खोटं नव्हतं. जुन्या लाकडात वाळवी नाहीतर भुंगा असतो आणि तो भांडारात शिरला की बाकीच्या लाकडी वस्तूंना लागतो. शिवाय जागा लागते. देणगीला अटी घातलेल्या संग्रहालयांना आवडत नाहीत, ते नियमानंही अडतं. म्हणून आम्ही अट घातली नाही, पत्र लिहिलं. त्यात आजीच्या पायाखालच्या फळीचा फोटो लावला, आवाजाची फाइल जोडली आणि एवढंच लिहिलं, की ओट्याशिवाय ही जिन पाहणाऱ्याला वाटेल कापूस तिच्यात आपोआप पडत होता. समितीनं ओटा घेतला. तो प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून महिनोन्‌महिने वेगळा ठेवला, कीड नाही याची खात्री करून मगच आत घेतला.

उचल करण्याचा दिवस फार काही सांगण्यासारखा नाही. चेनकप्पी लावली, जुन्या टायरांवर उतरवलं, ट्रकमध्ये लाकडी ठोकळ्यांवर बांधलं. संग्रहालयात दानपत्रावर वाचनालयाच्या अध्यक्षांनी सही केली, वस्तूच्या स्थितीचा अहवाल झाला, तडा कुठे, गंज कुठे, कुठला बोल्ट नवा, सगळं लिहून. आवक नोंदवहीत क्रमांक पडला आणि चौकटीच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही असा, तोच क्रमांक बारीक अक्षरात घातला. वंगणाचा थोडासा पट्टा त्यांनी मुद्दाम न पुसता तसाच ठेवला.

मुख्य वाद अजून पुढे होता: यंत्र चालवायचं की नाही. संवर्धनवाल्यांचं म्हणणं, चालवलं की झिजतं, आणि झिजलेलं परत येत नाही. मूळ चामडी रोलर तर चालवण्यासारखे राहिलेच नव्हते. माझं म्हणणं असं, की जिन न चालवता दाखवली तर मुलांना ती लोखंडी पेटी दिसेल. ज्या मँचेस्टरकडे आमचा कापूस जायचा, तिथल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात, 1830 च्या जुन्या रेल्वेस्थानकाच्या आवारात, जुनी कापडयंत्रं लोकांसमोर चालवून दाखवतात. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची उभारणी 1938 मध्ये गांधीजींनी केली तीही ग्रामोद्योग जिवंत दिसावेत म्हणूनच. शेवटी मधला मार्ग निघाला. मूळ रोलर काढून, नोंद करून वेगळे जपायचे. चालवण्यासाठी नवे रोलर बसवायचे, तेही क्रोम चामड्याचे नाहीत, कारण त्याची धूळ रुईत जाते आणि त्यात क्रोमियम असतं. रबर घातलेल्या सुती कापडाच्या चकत्यांचे. छोटी मोटर, कमी वेग, पट्ट्याला जाळी. आणि वाफेवर चालतानाचा मूळ वेग, आवाज, भोंगा हे सगळं बायांच्या तोंडून ध्वनिमुद्रणात.

पातं बसवायला मिस्त्रीकाका स्वतः गेले. पात्याखालून कागदाचा तुकडा सरकवून ते अंतर बघत होते आणि शेजारी संग्रहालयातली एक तरुण तंत्रज्ञ मुलगी गेजनं तेच मोजून वहीत लिहीत होती. दोघांचं जुळलं. मग आजींनी तिला कापूस कसा लावायचा ते शिकवलं. तिनं मूठ पुढे नेली तशी आजींनी तिच्या मनगटावर चापट मारली.

फलकावरचा मजकूर मराठीत आधी लिहिला गेला, इंग्रजीत नंतर. त्यात ज्या बायांची नावं आम्हाला खात्रीनं मिळाली ती सगळी आहेत, त्यांनी स्वतः होकार दिल्यावर. ज्यांची मिळाली नाहीत त्यांच्यासाठी जागा रिकामी सोडली आहे आणि खाली लिहिलंय की माहीत असल्यास कळवा. आईचं नाव मी सांगितलं, दोन जणींनी ते खरं असल्याचं लिहून दिलं, तेव्हा ते गेलं. तो नियम मीच मागितला होता.

चालवून दाखवायला आता कापूस लागतो. आजकालचा संकरित बीटी कापूस चालतो, पण ही जिन ज्या काळी इथे आली तेव्हा वऱ्हाडात देशी कापूस होता, आखूड आणि भरड धाग्याचा. तोच लावला तर पाहणाऱ्याला खरं काय ते दिसेल. देशी आता शोधावा लागतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे देशी वाण आहेत, त्यातलं एकेए-7 चं बियाणं मिळालं. वाचनालयाच्या एका सभासदानं आपल्या वावरात धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, काही ओळी त्यासाठी दिल्या आहेत. बोंडं धरली आहेत. सीतादही (वेचणीआधीची कापसाची पूजा) दिवाळीच्या आसपास होईल, वेचणी झाली की गाठोडं बांधून एसटीनं पाठवू. मॅडमनी फक्त एवढंच सांगितलंय, की कवडी निवडू नका, ती तशीच येऊ द्या. निवडायचं कसं ते ओट्यावर उभं राहून दाखवायचं आहे.